एकशेवीस बाय पंचेचाळीस

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी भाच्याने मला पाच चित्रं पाठवली आणि खाली लिहिलं, "मावशी, यातलं कुठलं?"

तो आणि त्याचे दोन मित्र अडीच वर्षं एक व्हिडिओ गेम बनवतायत. नोकऱ्या सांभाळून, रात्री आणि शनिवार-रविवारी. गेम कोकणातल्या एका खाडीवरचा आहे. खेळणारा म्हणजे तरीवाला. रात्री माणसांना या काठावरून त्या काठावर सोडायचं, वल्हवता वल्हवता ती काय बोलतात ते ऐकायचं, जमलं तर उत्तर द्यायचं. चारपाच फेऱ्यांनंतर लक्षात यायला लागतं की पलीकडे उतरलेलं कुणी परत आलेलं नाही. गेमचं कामचलाऊ नाव 'तर'. होडीला तिकडे तर म्हणतात म्हणून.

मी आयुष्यभर पुस्तकं छापून घेण्याचं काम केलं, त्यामुळे मुखपृष्ठ या विषयात घरात माझा शब्द चालतो. मी पाचातलं सगळ्यात देखणं चित्र निवडलं. खाडी, माडांची रांग, ढगाआडचा चंद्र, होडीत पाच उतारू, त्यातल्या एका बाईच्या मांडीवर कोंबडा. कोंबड्याच्या तुऱ्यावर चांदण्याची कड सुद्धा होती. भाच्याने काही न बोलता तेच चित्र परत पाठवलं, पण आता नखाएवढं करून. "दुकानात पुष्कळांना हे एवढंच दिसणार," तो म्हणाला. माड गेले होते, बाई गेली होती, कोंबडाही. एक निळसर डाग उरला होता आणि त्यावर एक मळकी रेघ. ती रेघ म्हणजे गेमचं नाव.

त्यानंतरचे काही महिने मी या नखाएवढ्या चित्रांचा नाद लावून घेतला. हा लेख त्या नादातून आलाय.

दुकान म्हणजे स्टीम, संगणकावरच्या गेम्सचं सगळ्यात मोठं ऑनलाइन दुकान. तिथे गेम ठेवायचा तर मुखचित्राची अनेक रूपं द्यावी लागतात. त्यांना तिथे 'कॅप्सूल' म्हणतात, आणि औषधाच्या गोळीसारखंच ते सगळं आत कोंबून गिळायला सोपं करायचं काम आहे. हेडर ४६० बाय २१५ पिक्सेल, मुख्य कॅप्सूल ६१६ बाय ३५३, उभं ३७४ बाय ४४८, विकत घेतलेल्या गेम्सच्या कपाटासाठी ६०० बाय ९००, आणि छोटं २३१ बाय ८७. (यातली बरीच हल्ली दुप्पट मापात मागतात, पण प्रमाण तेच.) हे छोटं चित्र शोधयादीत आणखी आकसतं, १२० बाय ४५ पर्यंत. ४५ पिक्सेल म्हणजे या परिच्छेदाच्या दोनेक ओळींची उंची.

पुस्तकवाल्याला यात दोन धक्के आहेत. पहिला हा की मुखपृष्ठ एकदा ठरलं की संपलं, असं इथे नाही. ६०० बाय ९०० हा पुस्तकासारखा उभा आकार, तर २३१ बाय ८७ ही जवळपास पट्टी. आडवी होडी पट्टीत सुखाने बसते, उभ्यात तिचं टोक कापलं जातं. म्हणजे एकच चित्र कातरून भागत नाही, प्रत्येक मापासाठी मांडणी नव्याने करावी लागते, आणि तरी ते एकच चित्र वाटलं पाहिजे. दुसरा धक्का मला उशिरा कळला. मी ज्याला मुखपृष्ठ समजत होते ते मुखपृष्ठ नव्हतंच, तो पुस्तकाचा कणा होता. ग्रंथालयाच्या कपाटात पुस्तक उभं असतं तेव्हा आपण मुखपृष्ठ बघत नाही. कणा बघतो, बोटाने ओढतो आणि मग मुखपृष्ठ दिसतं. छोट्या कॅप्सूलचं काम तेवढंच, बोट लावून घेण्याचं. आमच्या धंद्यात कण्याकडे कुणी बघायचं नाही. चित्रकाराला पैसे मुखपृष्ठाचे मिळायचे, आणि कणा छापखान्यातला कुणीतरी उरलेल्या रंगात भरून टाकायचा.

आणि कपाट केवढं आहे ते बघा. २०१७ पासून स्टीमवर कुणीही एका गेममागे १०० डॉलर भरून दुकान मांडू शकतो. २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून जास्त गेम आले. दिवसाला पन्नासच्या आसपास. तिघांची अडीच वर्षं त्या पन्नासात एका दिवशी उभी राहणार, आणि समोरून जाणारा माणूस थांबला नाही तर आतला ट्रेलर, स्क्रीनशॉट, अडीच वर्षं, यातलं काहीच त्याच्यापुढे येणार नाही. मुखचित्राशिवाय गेम चालूच शकत नाही असं नाही. 'अमंग अस' २०१८ मध्ये आला, दोन वर्षं फारसा कुणाच्या डोळ्यांत भरला नाही आणि २०२० मध्ये नामवंत खेळाडूंनी तो थेट प्रक्षेपणात खेळायला घेतल्यावर जगभर गेला. पण तसं नशीब गृहीत धरून कुणी काम करत नाही.

भाच्याच्या दोघा मित्रांपैकी जो प्रोग्रॅमर आहे त्याचा मूळ आक्षेप वेगळाच होता. गेम पिक्सेल आर्टमध्ये आहे. माणसं म्हणजे ठोकळे, चेहऱ्याला डोळे दोन ठिपक्यांचे. मुखचित्र मात्र रंगवलेलं, सावल्यांसकट. "हे खोटं नाही का? चित्र बघून घेणाऱ्याला आत वेगळंच मिळणार." प्रश्न प्रामाणिक होता, आणि तो व्हिडिओ गेमच्या मुखचित्राइतकाच जुना आहे.

१९७७ साली अटारीचं टीव्हीला जोडायचं यंत्र आलं, त्यासोबत 'कॉम्बॅट' नावाचा गेम खोक्यात फुकट यायचा. पडद्यावर दिसायचं ते असं: सपाट रंगाचं मैदान, काही आडव्या-उभ्या भिंती, दोन ठोकळे. ठोकळ्यांना एक नळी, म्हणून ते रणगाडे. खोक्यावरचं चित्र क्लिफ स्पॉन या चित्रकाराचं. त्यात रणगाडे, विमानं, स्फोट, सगळं एकात एक गुंफलेलं, सिनेमाच्या पोस्टरसारखं. त्यानंतरची काही वर्षं अटारीची खोकी अशीच सजत राहिली. १९८० च्या 'अ‍ॅडव्हेंचर'मध्ये तर नायक म्हणजे अक्षरशः एक चौकोन होता आणि ड्रॅगन बदकासारखे दिसायचे. खोक्यावर मात्र रंगवलेली परीकथा.

याला फसवणूक म्हणावं का? मला नाही वाटत. खोक्यावरच्या चित्राने चौकोन झाकला नाही, चौकोनात काय बघायचं ते शिकवलं. पोरं ते चित्र मांडीवर घेऊन खेळायची, आणि पडद्यावरचा ठोकळा डोंगरातून जायचा. इथे खोटं चित्र आणि खोटं वचन यांत फरक करायला हवा. चित्र खोटं असलं तरी चालतं, वचन खोटं असून चालत नाही. 'कॉम्बॅट'चं वचन होतं की इथे तुम्ही समोरच्याला गाठून उडवाल, आणि ते पाळलं जायचं. उलट, खऱ्याखुऱ्या स्क्रीनशॉटने सुद्धा खोटं वचन देता येतं. संथ, बोलघेवड्या गेममधला एकमेव स्फोट उचलून मुखचित्रावर लावला की झालं. एकही पिक्सेल खोटा नाही.

आता ज्याच्यामुळे मला या विषयात खरा पेच दिसला त्या उदाहरणाकडे येते. ते इंडी गेमचं नाही, सोनीसारख्या मोठ्या कंपनीच्या घरातलं आहे. पण आजचा अर्धा इंडी गेमवाला या गेमवर वाढलेला असतो. 'इको', २००१, प्लेस्टेशन २. दिग्दर्शक फुमितो उएदा. डोक्याला शिंगं असलेला एक मुलगा एका ओसाड किल्ल्यात बळी म्हणून सोडला जातो. तिथे त्याला योर्दा भेटते, उंच, पांढरीफटक, वेगळीच भाषा बोलणारी मुलगी. दोघांनी किल्ल्याबाहेर पडायचं. ती लांब उड्या मारू शकत नाही, लढू शकत नाही, म्हणून तिचा हात धरून न्यायचं. त्यासाठी कंट्रोलरवरचं आर-वन बटण दाबून ठेवायचं. बटण सुटलं की हात सुटला. सगळा गेम त्या बटणात आहे.

या गेमची दोन मुखचित्रं आहेत. जपान आणि युरोपातल्या खोक्यावर खुद्द उएदाने रंगवलेलं चित्र आहे, इटालियन चित्रकार ज्योर्जो द किरिको याच्या रिकाम्या चौकांच्या, लांब सावल्यांच्या चित्रांवरून घेतलेलं. प्रचंड कमानी, ऊन, सावली, आणि या सगळ्यात दोन इवल्याशा आकृत्या धावतायत. अमेरिकेत गेम सप्टेंबर २००१ मध्ये आधी आला आणि तिथल्या खोक्यावर वेगळं चित्र होतं: मुलाचा मोठा चेहरा, हातात दांडका, मागे किल्ल्याचे तुकडे. गेम चाहत्यांमध्ये हे अमेरिकन खोकं गेली वीस वर्षं चेष्टेचा विषय आहे.

मीही आधी त्यांच्यात सामील झाले. उएदाच्या चित्राबद्दल बोलावं तेवढं थोडं. त्यात लढाई नाही, शत्रू नाही. माणसं इतकी लहान आहेत की जागा हीच मुख्य पात्र होते, आणि गेममध्ये तसंच आहे. अर्धा वेळ तुम्ही कुठलंतरी दार, कुठलीतरी कड, कुठलीतरी साखळी शोधत असता. ऊन आहे पण ऊब नाही. शिवाय आकृत्या दोन आहेत. एक असती तर ते पोरकेपणाचं चित्र झालं असतं, दोन आहेत म्हणून ते जबाबदारीचं चित्र होतं. अमेरिकन खोक्यावर दांडका पुढे आहे, जणू मुद्दा मारामारीचा. गेममध्ये दांडका आहे, ते खोटं नाही. पण आर-वन बटण या चित्रात कुठेच नाही.

मग एका रात्री मी उएदाचं चित्र घेऊन १२० बाय ४५ केलं.

धावणाऱ्या आकृत्या नाहीशा झाल्या. कमानी म्हणजे पिवळट पट्ट्यावरचे गडद डाग. त्यात काय आहे हे मला ठाऊक होतं म्हणून मी ओळखलं. नाहीतर ते कुठलंही चित्र असू शकलं असतं, किंवा बिघडलेली प्रतिमा. आणि अमेरिकन? त्यातला चेहरा दिसत होता. शिंगं दिसत होती. दांडकाही.

हसू आलं नाही. या विषयावर नवख्या गेमवाल्यांना जो सल्ला आज मिळतो तो काय असतो? एकच मोठी आकृती घ्या. चेहरा असेल तर उत्तम. आकृती आणि पार्श्वभूमी यांत ठळक फरक ठेवा. नाव एवढं मोठं की चष्मा काढून वाचता यावं. गेम कुठल्या जातीचा ते पहिल्या नजरेत कळू द्या. यातला एकही मुद्दा चूक नाही, जुने साइनबोर्ड रंगवणारेही डोळे बारीक करून हीच परीक्षा घ्यायचे. पण हे सगळे निकष लावले तर पास कोण होतं? अमेरिकन खोकं. ज्या चित्राची वीस वर्षं टिंगल झाली, त्याचीच तत्त्वं आता दुकानाने नियमासारखी करून ठेवली आहेत, आणि उएदाचं चित्र आजच्या कपाटात लागलं असतं तर शेजारच्या झोंबीने त्याला गिळलं असतं.

या पेचातून सुटायला एक सोपी पळवाट आहे: दुकान वाईट, बाजार वाईट, नखाएवढ्या चित्राने कला मारली. मला ती पटत नाही, आणि त्याचं कारण मराठीच आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर रघुवीर मुळगावकरांची चित्रं असायची. धनंजय, झुंजार, काळापहाड यांचे चेहरे कित्येकांनी आधी मुळगावकरांच्या कुंचल्यातून पाहिले आणि मग वाचले. ती मुखपृष्ठं आठवली की चेहरा, प्रकाशाचा एक झोत आणि धोका एवढंच आठवतं. स्टेशनवरच्या स्टॉलसमोर, गाडी सुटायला दोन मिनिटं असताना, वाचकाला त्याची जात ओळखता यावी म्हणून ते तसं होतं. ही फसवणूक नव्हती, सेवा होती. शेतीचा निवांत गेम शेतीच्या गेमसारखा दिसावा यात गैर काही नाही. दिवसभर कॉल सेंटरवर शिव्या खाऊन आलेल्या माणसाला रात्री गाजरंच लावायची असतात, त्याला कोड्यात पाडणं हा मोठेपणा नव्हे.

तेव्हा प्रश्न असा उरतो: कण्याएवढ्या जागेत, बाजाराचे नियम पाळून, उएदाने जे केलं ते करता येतं का? मला तीन चित्रांनी सांगितलं की येतं.

पहिलं 'लिंबो'चं. डेन्मार्कच्या प्लेडेड या कंपनीचा २०१० चा गेम. सगळं करडं-काळं. जंगल, धुकं, आणि एका मुलाची काळी आकृती. मुलगा उएदाच्या मुलाइतका लहान केला तरी चालतो, कारण त्याचे डोळे म्हणजे दोन पांढरे ठिपके आहेत. अख्ख्या चित्रात दुसरं काही इतकं पांढरं नाही. चित्र कितीही आकसलं तरी शेवटचे पुसले जातील ते हे दोन ठिपके. आणि गेममध्येही अंधारात आपण कुठे आहोत हे त्या ठिपक्यांवरूनच कळतं. म्हणजे आकृती मोठी असायलाच हवी हा नियम खरा नाही. चित्रात सगळ्यांत ठळक काय, हे एकदाच आणि नीट ठरवावं लागतं, एवढंच.

दुसरं 'हॉलो नाइट'. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या टीम चेरी या चिमुकल्या चमूचा, २०१७ चा. गडद निळ्या अंधारात एक छोटा योद्धा. पांढरा मुखवटा, वर दोन शिंगं, डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं. सल्लागार म्हणतात चेहरा द्या, तर हा घ्या चेहरा. पण चेहऱ्यावर काहीच नाही. राग नाही, भीती नाही, दात-ओठ खाणं नाही. दुकानातल्या रांगेत सगळे नायक कुणावर तरी खेकसत असताना हा एकटा गप्प आहे, आणि म्हणून नजर त्याच्यावरच जाते. गेमच्या नावात 'पोकळ' आहे, आणि तीसचाळीस तास खेळल्यावर कळतं की कथेचा गाभाही तोच: आत काही असणं, नसणं, असू न देणं. त्या दोन भोकांनी ते पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आपल्याला फक्त ती गोड वाटली होती. २०२५ मध्ये आलेल्या 'सिल्कसाँग'ची नायिका हॉर्नेट हिलाही असाच पांढरा मुखवटा आहे, पण अंगरखा लाल. एका रंगाने घराणं तेच ठेवून माणूस बदलला.

तिसरं माझं सगळ्यात आवडतं, आणि त्याला चित्र म्हणायचं की नाही यावर घरात वाद झाले. टोबी फॉक्सचा 'अंडरटेल', २०१५. काळी पार्श्वभूमी, पांढरी ठोकळेबाज अक्षरं, आणि अक्षरांत अडकलेला एक लाल बदाम. संपलं. पहिल्या नजरेला हे आळशीपणाचं वाटतं. पण गेम सुरू करा. प्रत्येक लढाईत शत्रूचे वार चुकवायला तुम्ही जे हलवता ते पात्र नसतं, तो बदाम असतो. तो तुमचा जीव. आणि या गेममध्ये कुणालाही न मारता शेवटापर्यंत जाता येतं. मारलंत तर गेम ते विसरत नाही. म्हणजे मुखचित्रावर नायक नाही, राक्षस नाही, जग नाही, तर खेळणाराच आहे. पत्त्यातल्या बदामाएवढा, सहज दुखावला जाईल असा. १२० बाय ४५ मध्ये तो लाल ठिपका होऊन उरतो आणि तरी बिघडत नाही, कारण गेममध्येही तो एवढाच आहे.

या तिघांत समान काय ते शोधताना मी पुन्हा आर-वन बटणाकडे आले. तिघांनीही गेममध्ये काय काय आहे याची यादी दिलेली नाही. खेळताना हात आणि डोळा ज्याला सतत धरून असतात ती एकच गोष्ट उचलली आहे. उएदाने तेच केलं होतं, त्याच्याकडे पूर्ण खोक्याची जागा होती एवढाच फरक. माझ्या भाच्याचं पहिलं चित्र याच कारणाने पडलं होतं. त्यात कोंबडा होता, वल्हं नव्हतं.

नियमांचा विषय निघालाच आहे तर एका नियमाचं कौतुक करायला हवं. सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने कॅप्सूलवर गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक याखेरीज काहीही लिहायला बंदी केली. त्याआधी लोक पुरस्कारांच्या माळा, समीक्षकांचे गुण, सवलतीचे टक्के, सगळं त्यावर चिकटवत. आपल्याकडे 'पुरस्कारप्राप्त' आणि 'आवृत्ती सहावी' यांच्या गोल चकत्यांखाली किती चांगली मुखपृष्ठं गुदमरली हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काही मीच चिकटवल्यात. असा नियम आमच्या धंद्यात कुणी केला असता तर मी त्याच्या पाया पडले असते.

चित्र वाचलं जातं, आणि ते कोण वाचेल यावर चित्रकाराचा ताबा नसतो, याचं गमतीदार उदाहरण म्हणजे 'बलाट्रो'. २०२४ चा गेम, एकाच माणसाने केलेला. लाल-निळा घुसळणारा रंग, जोकर, नाव. जुगाराच्या अड्ड्याचा वास येईल असा सगळा थाट. गेममध्ये पैसा लावायचा प्रश्नच नाही, पोकरचे हात जुळवून आकडे वाढवायचे. पण युरोपातल्या वयोगट ठरवणाऱ्या पेगी या संस्थेने पत्ते बघितले आणि १८ वर्षांचा शिक्का मारला. वर्षभराने, फेब्रुवारी २०२५ मध्ये, तो १२ वर आला. तोवर लाखो लोकांना मात्र त्या जोकरने नेमकं ओढलं होतं. वचन होतं की सुटणार नाही, आणि सुटत नाही. मी अनुभवाने सांगते.

आपल्या जवळचं उदाहरण घ्यायचं तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी'. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी चमूने गेम २०२० मध्ये बाहेर काढला, आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. राजी ही डोंबारणीच्या वयाची, तशाच चपळाईची पोर, असुरांनी पळवलेल्या भावाला शोधत निघालेली. दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल आपसात बोलतात. गेमच्या जाहिरातींत राजी आणि तिच्या हातातलं त्रिशूळ सतत दिसतं, आणि आकार म्हणून त्रिशूळाला तोड नाही. तीन टोकं कितीही लहान केली तरी तीन टोकंच राहतात. शिवाय ते एकाच वेळी दोन प्रेक्षकांशी बोलतं. परदेशी खेळाडूला ते न पाहिलेलं शस्त्र वाटतं. आपल्याला ते देव्हाऱ्यातलं वाटतं, आणि ते एका लहान मुलीच्या हातात बघून किंचित दचकायला होतं. तो दचका हाच खरा गेम आहे.

माझी तक्रार त्याच्या उपशीर्षकाबद्दल आहे. 'अ‍ॅन एन्शंट एपिक', म्हणजे प्राचीन महाकाव्य. गोष्ट तर पुण्यात बसून नव्याने रचलेली आहे, आणि तेच तिचं बळ आहे. 'प्राचीन' हा शब्द बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी लावलेली चकती वाटते, फक्त नियमात बसणारी. मी हे बोलून दाखवल्यावर भाचा म्हणाला, "मावशी, विकायचं तिकडेच असतं गं." त्याचं म्हणणं खोडायला माझ्याकडे आकडे नाहीत, तक्रार मात्र आहे.

आणि हाच वाद पुढे त्यांच्या नावावरून झाला. 'तर' रोमन लिपीत लिहिलं तर इंग्रजी वाचणारा ते डांबर म्हणून वाचतो. देवनागरीत लिहावं तर तिघांपैकी एकाची तक्रार: बाहेरच्याला वाचता येणार नाही, आणि शिवाय देवनागरी त्या जागेत मावत नाही. दुसरी अडचण खरी आहे. आपल्या अक्षराला उंची लागते. शिरोरेषेवर वेलांट्या, मात्रा, रफार, खाली उकार. ४५ पिक्सेलमध्ये वर-खाली तेवढी जागा सोडली की अक्षराच्या मूळ अंगाला निम्मीच उरते, आणि 'क्ष' किंवा 'द्ध्य' असलं काही नावात असेल तर त्याचा गोळा होतो. पण 'तर'ला काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. दोन अक्षरं, एक रेघ. ती रेघ भाच्याने चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली आणि ती खाडीचं पाणी झाली. अक्षरं पाण्याखाली लोंबतायत, प्रतिबिंबासारखी, आणि रेघेवर होडी. ज्याला वाचता येतं तो वाचतो, ज्याला येत नाही त्याला पाणी दिसतं. यादीत शेजारी रोमन नाव छापलेलं असतंच, आणि भाषेनुसार वेगळं मुखचित्र देण्याची सोयही आहे. त्यामुळे इंग्रजीसाठी काय करायचं तो वाद तिघांनी पुढे ढकललाय.

उतारू मात्र सगळे काढले. यावर दोन आठवडे गेले. चित्रकार असलेल्या मित्राचं त्या बाईवर आणि कोंबड्यावर प्रेम होतं, आणि मला त्याची बाजू कळत होती. पण गेम कशाचा आहे? परत न येणाऱ्यांचा. मग होडीत माणसं कशी दाखवणार? आता काळ्या रात्री रेघेवर एक होडी आहे, वल्हं हातात घेतलेला पाठमोरा माणूस, समोरची फळी रिकामी, आणि होडीच्या टोकाला कंदील. १२० बाय ४५ केलं की एक रेघ, तिच्यावर होडीचा कोंभ आणि एक पिवळा ठिपका उरतो. मला वाटलं, जमलं.

परवा शेजारची नववीतली मुलगी आली होती, तिला ते नखाएवढं चित्र फोनवर दाखवलं आणि विचारलं, कशाचा गेम असेल? ती म्हणाली, "मासे पकडायचा."

भाचा हसला. म्हणाला, चालेल, मासे पकडायला आलेला माणूससुद्धा शेवटी होडीतच बसेल. मी म्हटलं, नाही चालणार, मासे पकडायला आलेला माणूस चिडून उतरेल. कंदील टोकावर आहे म्हणून तो पाण्यावर उजेड टाकतो, आणि पाण्यावर उजेड म्हणजे मासे. तो उचलून त्या रिकाम्या फळीवर ठेवा, उजेड बसायच्या जागेवर पडू दे. ते चित्र अजून यायचंय. आलं की आधी शेजारच्या मुलीला दाखवणार आहे.